एका मताचे साम्राज्य

साम्राज्ये केवळ रणांगणावर उभी राहत नाहीत; त्यांच्यावर शिक्कामोर्तब सभागृहात होते. अमेरिकेच्या सागरपार विस्ताराचा आरंभ सामान्यतः १८९८ च्या स्पेनविरुद्धच्या युद्धापासून सांगितला जातो. मात्र त्या विस्तारामागील प्रेरणा तपासायच्या, तर सिनेटचे तत्कालीन कामकाज पाहावे लागते.

प्रेरणा एक नव्हती. १८९३ च्या मंदीने हादरलेल्या उद्योगांना परदेशी बाजारपेठ, विशेषतः चीनची, खुणावत होती. नौदल अधिकारी आल्फ्रेड मॅहन यांच्या १८९० मधील ग्रंथाने सागरी सामर्थ्याचे महत्त्व ठसवले होते. त्या आरमाराला कोळसा भरण्यासाठी दूरवर तळ हवे होते. या हिशेबाला नैतिक मुलामा चढवला तो ‘मागासांच्या उद्धारा’च्या वर्णाभिमानी भाषेने.

तथापि, हेतू आणि कृती यांच्या मध्ये कायदेमंडळ उभे असते. युद्धाला संमती देताना क्यूबा गिळंकृत न करण्याचे बंधन अमेरिकी काँग्रेसने टेलर दुरुस्तीद्वारे स्वतःवर घालून घेतले. फिलिपाइन्सबाबत तसे बंधन नव्हते. २ कोटी डॉलर मोजून तो द्वीपसमूह घेणारा तह सिनेटने ६ फेब्रुवारी १८९९ रोजी ५७ विरुद्ध २७ मतांनी संमत केला. आवश्यक दोन-तृतीयांश बहुमतापेक्षा अवघे एक मत अधिक! दोनच दिवसांपूर्वी मनिलात फिलिपिनो सैन्याशी लढाई जुंपली होती. पुढच्याच आठवड्यात फिलिपाइन्सला स्वातंत्र्याचे आश्वासन देणारा सिनेटर बेकन यांचा प्रस्ताव २९-२९ अशा समसमान मतांवर अडला आणि उपाध्यक्षांच्या निर्णायक मताने फेटाळला गेला. त्या देशाला स्वातंत्र्य मिळाले ते १९४६ मध्ये.

विरोधकांचे हेतूही सर्वस्वी निर्मळ नव्हते. शासितांच्या संमतीचे तत्त्व सांगणाऱ्यांच्या पंक्तीत, अन्य वर्णाची प्रजा संघराज्यात येईल या भयाने विरोध करणारेही बसले होते.

क्यूबाविषयीचे बंधनही शब्दापुरतेच उरले. १९०१ मध्ये लष्करी खर्चाच्या विधेयकाला जोडलेल्या प्लॅट दुरुस्तीने तेथे हस्तक्षेपाचा अधिकार आणि नाविक तळांची तरतूद पदरात पाडून घेतली. हस्तक्षेपाचा तो अधिकार १९३४ मध्ये संपुष्टात आला. ग्वांतानामोचा तळ मात्र कायम राहिला.

बाजारपेठ, आरमार आणि अहंकार यांचा मोह कोणत्याही बलाढ्य राष्ट्राला पडतो. त्याला आवर घालण्याची जबाबदारी लोकप्रतिनिधींची असते. खर्चाच्या विधेयकाला जोडून आलेले एखादे कलम चर्चेविना संमत करताना एका मताचे हे मोल प्रत्येक संसदेने ध्यानी ठेवावे.