वावर आपलं, विहीर आपली; परवाना कोणाचा?

वावरातल्या विहिरीचं पाणी कोणाचं? १८८२ चा सुविधाधिकार कायदा सरळ सांगतो, जमीन ज्याची, तिच्याखालचं पाणी उपसण्याचा हक्क त्याचा. राज्यघटनेनेही पाणी हा विषय राज्यांकडे सोपवला. तरीही १९९७ साली पर्यावरण संरक्षण कायद्याचा आधार घेऊन केंद्रीय भूजल प्राधिकरण उभे राहिले. त्याच्या २०२० च्या सूचनांत शेतीला परवान्यातून सूट आहे, हे खरे. पण सूट म्हणजे हक्क नव्हे. आज एका सूचनेने दिलेले उद्या दुसऱ्या सूचनेने काढून घेता येते.

राज्याचा कायदा तर याहून कडक. २००९ च्या भूजल अधिनियमात ६० मीटर, म्हणजे साधारण २०० फूट, किंवा त्याहून खोल ती 'खोल विहीर'. शेतीसाठी ती नव्याने खोदायची नाही, जुनी असेल तर उपकर भरायचा. २०१८ साली नियमांचा मसुदा आला तेव्हा काटोल-नरखेडच्या कास्तकाराच्या पोटात गोळा आला तो यामुळेच. संत्र्याचे झाड फळावर यायला पाच-सहा वर्षे लागतात. ऐन मे महिन्यात आंबिया बहाराची फळे झाडावर अन् विहिरीला तळ दिसतो, तेव्हा त्याने बोअर करायचा की परवान्यासाठी खेटे घालायचे?

प्रतापनगरातल्या आपल्या नळाला पाणी येते ते पेंच-कन्हानचे. पेंचच्या पाण्यावर शेतीचाही हक्क आहे. शहराची तहान वाढली, तसा कालव्यावर ताण आला. कालवा आटला की कास्तकार विहिरीकडेच वळणार. त्या विहिरीवरही पहारा बसवायचा, हा कोणता न्याय?

उपशाला धरबंध नको, असे आम्ही म्हणत नाही. एकाच्या बोअरने शेजाऱ्याची विहीर आटते, हे गावात कोणाला सांगावे लागत नाही. पण अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने दिल्लीची वाट पाहिली नाही. आधी पाणी अडवले, दरवर्षी ताळेबंद मांडला अन् सिंचनासाठी बोअर नको हे स्वतःच ठरवले. तो निर्णय गावाचा होता, म्हणून पाळला गेला.

म्हणून कास्तकार बंधूंनो, नुसती ओरड पुरणार नाही. ग्रामसभेत आपल्या पाण्याचा हिशेब मांडा, उपशाचे नियम तुम्हीच करा अन् तसा ठराव सरकारदरबारी धाडा. गावाने हिशेब ठेवला नाही, तर तो ठेवायला साहेब येईल. अन् साहेबाला तुमचा बहार कळत नाही.