तपासणी बायांची, सही कोणाची?

२०२२च्या सुरुवातीला त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या शेंद्रीपाड्याचे फोटो सगळ्या वर्तमानपत्रांत आले. तास नदीच्या घळीवर टाकलेल्या लाकडी बल्ल्यांवरून बाया डोक्यावर हंडे घेऊन जात होत्या. राज्यभर हळहळ झाली, मंत्री आले, लोखंडी पूल बसला. त्याच पावसाळ्यात तो वाहून गेला आणि पुन्हा बातमी झाली.

हंडा दिसतो, म्हणून त्याचा फोटो निघतो. हंड्यातल्या पाण्याचा निघत नाही. आपल्या चळवळीनेही आजवर भांडण केलं ते मुख्यतः पाणी दारापर्यंत यावं म्हणून, आणि ते योग्यच होतं. पण ऑगस्ट २०१९मध्ये जल जीवन मिशन जाहीर झालं, त्यानंतर पेठ, सुरगाणा, इगतपुरीच्या पाड्यांवरही टाक्या उभ्या राहिल्या, तोट्या बसल्या. त्यातल्या कोरड्या तोट्यांचा जाब मागायचा आहेच. पण जिथे पाणी येतं तिथे ते पिण्याजोगं आहे की नाही हे कोण ठरवतं, हा प्रश्न आपण अजून नीट विचारलेला नाही.

कागदावर कशाचीच उणीव नाही. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक आहे. १०० मिलिलिटर पाण्यात विष्ठेतला एकही जंतू नको. नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या आत हवं (दिंडोरी-निफाडच्या द्राक्षपट्ट्यातल्या मैत्रिणींनी हा आकडा लक्षात ठेवावा, खतांचं नायट्रेट विहिरीत उतरतं). तोटीपर्यंत आलेल्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक हवा. वर्षातून दोनदा, पावसाळ्याच्या आधी आणि नंतर, गावातल्या स्रोतांची पाहणी होते आणि ग्रामपंचायतीला कार्ड मिळतं : धोका मोठा तर लाल, मध्यम तर पिवळं, कमी तर हिरवं. सलग पाच वर्षं हिरवं मिळालं तर चंदेरी.

मात्र हे मानक पाळलं नाही म्हणून ग्रामपंचायतीला शिक्षा होत नाही. दुकानातल्या बाटलीबंद पाण्याला परवाना लागतो, त्यात खोट निघाली तर विकणाऱ्यावर खटला होऊ शकतो. नळाच्या पाण्याला तसा धाक नाही. म्हणजे विकत घेणाऱ्याला कायद्याचं संरक्षण, आणि तोटीखाली हंडा लावणारीला कार्डाचा रंग!

आता यात बाया कुठे आहेत? मिशनच्या नियमाप्रमाणे प्रत्येक गावात पाच महिलांना पाणी तपासायचं शिक्षण द्यायचं आणि त्यांच्या हाती तपासणीची पेटी द्यायची. हे काम अवघड नाही. ओटीचे थेंब टाकले आणि पाणी पिवळं झालं की त्यात क्लोरीन आहे. जंतूंच्या बाटलीत पाणी भरून ठेवलं आणि एक-दोन दिवसांत ते काळं पडलं की पाणी दूषित. चौथी शिकलेली बाईही हे बिनचूक करते. गावाच्या पाण्याचं शास्त्र बायांच्या हाती आलं, याचा मला मनापासून आनंद आहे.

पण बाटली काळी पडली तर पुढे काय? टीसीएल पावडर विकत घ्यायचा अधिकार तिला नाही. विहिरीत किंवा टाकीत पावडर टाकणारा कर्मचारी तिला उत्तर द्यायला बांधलेला नाही. सुरगाण्याच्या पावसात दमट खोलीत पोतं पडून राहिलं की पावडरीतला क्लोरीन उडून जातो. मग ती पांढरी भुकटी टाकली काय नि न टाकली काय, सारखंच. नोंदवहीत मात्र ‘टीसीएल टाकले’ एवढं लिहिलं जातं, आणि त्याखाली सही असते. त्या बाईची नसते.

नोंदवही भरली म्हणजे पाणी शुद्ध झालं, या समजुतीची किंमत श्रीमंत देशांनीही मोजली आहे. कॅनडातलं वॉकर्टन हे जेमतेम पाच हजार वस्तीचं गाव. मे २०००मध्ये मुसळधार पाऊस झाला, शेणामुताची घाण गावाच्या विहिरीत उतरली. सात माणसं मेली, दोन हजारांवर आजारी पडली. चौकशीत निघालं की पाणीपुरवठ्याचे कर्मचारी कित्येक दिवस क्लोरीन मोजतच नव्हते, वहीत अंदाजाने आकडे भरत होते. त्यानंतर, २००२मध्ये, तिथे पाण्यासाठी स्वतंत्र कायदा झाला आणि पाण्याची व्यवस्था ज्यांच्या हाती आहे त्यांच्यावर व्यक्तिशः जबाबदारी टाकणारं कलम त्यात आलं. आपल्याकडे पाड्यावर पहिल्या पावसात जुलाब सुरू होतात तेव्हा चौकशी कुणाची होते? आईची. पाणी उकळलं का नाही, हात धुतले का नाही!

सरपण कुणी आणायचं, हे मात्र त्यात कुणी विचारत नाही.

पैसा नाही हे कारण मला पटत नाही. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी ग्रामपंचायतींच्या निधीचा साठ टक्के वाटा पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधून दिला होता. पेसा क्षेत्रातल्या पंचायतींना आदिवासी उपयोजनेतून पाच टक्के निधी थेट देण्याचा निर्णय २०१५चा आहे. पाणी समितीत निम्म्या बाया हव्यात हाही नियम आहे. पण समितीत नाव असणं वेगळं आणि खर्चाच्या कागदावर सही असणं वेगळं.

म्हणून मागणी नेमकी करू या. पाच जणींची तपासणी ही ‘सेवा’ नव्हे, काम आहे; त्याचं मानधन पंचायतीच्या अंदाजपत्रकात दिसलं पाहिजे. त्यांचा निकाल ग्रामसभेआधीच्या महिला सभेत मोठ्याने वाचला जावा आणि इतिवृत्तात लिहिला जावा. बाटली काळी पडली तर त्याच दिवशी पावडर घेण्याइतकी रक्कम त्यांच्या सहीने निघावी. आणि नमुना टाकीजवळचा नको. टाकीजवळ क्लोरीन असतोच. तो संपतो पाइपाच्या शेवटच्या टोकाला, आणि त्या टोकाला बहुतेक गावांत आदिवासींची नाहीतर दलितांची वस्ती असते. पावसाळ्याआधीच्या पाहणीला आरोग्यसेवक येतील तेव्हा गटातल्या दोघी-तिघींनी त्यांच्याबरोबर चालत जावं आणि त्या शेवटच्या तोटीचं पाणी बाटलीत भरायला लावावं.