टाकी आम्ही उतरवू, पण जबाबदारी कुणाची?

मंडळी, परवा अंगणात माझ्या २०१६ च्या गाडीची टाकी उतरवली. तळाशी पाणीच पाणी! २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल ओल धरतं. पाणी वाढलं की इथेनॉलसकट तळाला बसतं. वसमतकडच्या उसाला भाव मिळावाच, वाद तो नाही. पण जुन्या गाडीवाल्याला साधं पेट्रोल निवडायची सोय का नाही?

टाकी उतरवाल तर उघड्यावर, इंजिन थंड करून. कॉक बंद, बॅटरीची निगेटिव्ह वायर सुटी, विडी-चूल लांब. रिकाम्या टाकीला वेल्डिंग तर नकोच, आतल्या वाफेचा भडका उडतो.

एवढं आपण सांभाळू. पंपाच्या भूमिगत टाकीतलं पाणी कोण तपासणार? पावसाळ्यात रोजची तपासणी फलकावर लिहा. विचारा, गप्प बसू नका!