पेण-रोह्याच्या मुलांचा आवाज

पेण तालुक्यातील एखाद्या वाडीवरचे मूल महिनोन्‌महिने घोगऱ्या आवाजात बोलत असले, तर घरचे ‘घसा बसलाय’ म्हणून सोडून देतात आणि शाळेत त्याला मोठ्याने वाचायला सांगणे हळूहळू बंद होते. बहुतेकदा मागे असतात त्या ओरडण्यामुळे स्वरतंतूंवर आलेल्या गाठी. आवाज वापरण्याची सवय बदलली की त्या सहसा शस्त्रक्रियेविना ओसरतात. क्वचित मात्र चामखिळीसारखी वाढ असते आणि ती श्वासमार्ग अडवू शकते. तेथे विलंब परवडत नाही.

अशा मुलांचा आवाज आता संगणकाने तपासता येतो. मुलाला काही सेकंद ‘आ’ म्हणायला लावायचे. कंपनसंख्या किती, कंपनांचा काळ व जोर किती अस्थिर, खरखर किती मिसळलेली, हे आकडे मिळतात. अ‍ॅम्स्टरडॅम विद्यापीठातील पॉल बोर्स्मा व डेव्हिड वेनिंक यांची ‘प्राट’ ही प्रणाली तर विनामूल्य आहे. साधनाची किंमत अशी जवळजवळ शून्यावर आली, तरी सेवा गरिबाच्या दारी येत नाही. कारण आकडा रोगाचे नाव सांगत नाही. आवाज फारच खरखरीत असेल तर आकडाही भरवशाचा राहत नाही. दुर्बिणीतून स्वरयंत्र पाहणारा डॉक्टर आणि वाचा-उपचारतज्ज्ञ लागतोच. म्हणजे खर्च आहे तो माणसाचा, आणि सरकारला नेमका तोच जड जातो. संगणकाचे उद्घाटन करता येते, भरलेल्या पदाचे नाही!

वांद्र्याला १९८३ साली अली यावर जंग संस्था स्थापन झाली. रोह्याहून तेथे जायचे तर दिव्याला आणि दादरला गाडी बदलायची, दिवसाची मजुरी बुडवायची. आणि हा उपचार एका भेटीत संपणारा नव्हे. वीटभट्टीवर जाणाऱ्या कातकरी कुटुंबाने हे कसे निभवावे?

पालघर येथे २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या ३० व्याधींच्या यादीत बहिरेपणा आहे, भाषाविकासातील विलंब आहे. आवाजाचा बिघाड स्वतंत्रपणे नाही. वास्तविक या कार्यक्रमाचे पथक वर्षातून एकदा शाळेत येणे अपेक्षितच आहे. महिनाभराहून अधिक आवाज बसलेल्या मुलांची त्याच दिवशी नोंद व्हावी, शांत खोलीत ध्वनिमुद्रण व्हावे, आणि पेण व रोहा येथील सरकारी रुग्णालयांत वाचा-उपचारतज्ज्ञाचा आठवड्याचा वार ठरावा. कार्यकर्त्यांनी ही मागणी पंचायत समितीच्या पुढच्याच सभेत मांडावी. संगणक मिळाला म्हणून ती मागे घेऊ नये.