रोग डुकराच्या जातीत नाही, वाटेत आहे



आपल्या भागात डुकरांबद्दल सध्या तीन गोष्टी ऐकू येतात. तालुक्याच्या मिटिंगात एक साहेब म्हणाले, तुमची काळी गावठी डुकरं रोगट आहेत, ती काढा आणि योजनेतून पांढरी विलायती घ्या. फॉरेस्टवाले म्हणतात, तुमच्या डुकरांपासून रानडुकरांना रोग होतो, ती जंगलात सोडू नका. आणि गावात एखाद्या लेकराला मिरगीचा झटका आला की आपलेच लोक म्हणतात, कोण्या तरी बाईनं केलं. तिन्ही गोष्टी चूक आहेत असं माझं मत आहे. रोग कोणत्या वाटेनं आला हे पाहायचं नाही, आणि कोणाच्या तरी जातीवर नाहीतर कोणाच्या तरी अंगावर ढकलून मोकळं व्हायचं, ही एकच खोड तिन्हीत आहे.

आधी जातीचं पाहू. रानडुक्कर आणि घरची पद्दी ही वेगळी जनावरं नाहीत. हजारो वर्षांपूर्वी माणसानं रानडुकरं पाळली, त्यातून घरचं डुक्कर झालं. आईबापाचे गुण पिल्लात नेणारे जे धागे शरीरात असतात त्यांना शाळेच्या पुस्तकात गुणसूत्रं म्हणतात. माणसात ती 46. घरच्या डुकरात 38 आणि आपल्याकडच्या रानडुकरातही 38. पश्चिम युरोपातल्या रानडुकरांत 36 सापडतात, तरी घरच्या डुकरांशी त्यांची पिल्लं होतात आणि त्या पिल्लांनाही पुढं पिल्लं होतात. आपल्या म्हाताऱ्या लोकांना हे पुस्तक न वाचता माहीत आहे. गावची मादी जंगलाच्या कडेला गेली आणि तिकडचा नर लागला, की पिल्लं लांब तोंडाची, राठ केसांची होतात. कधी अंगावर पट्टे घेऊन येतात.

पांढरं यॉर्कशायर डुक्करही याच जातीचं. इंग्लंडात निवडून निवडून मोठं केलेलं. त्याला पिल्लं जास्त होतात, वजन लवकर चढते, हे खरं. पण त्याला विकतचं खाद्य लागते, पक्का गोठा लागतो, उन्हात त्याची कातडी भाजते. आपलं काळं डुक्कर कोंडा, कंदमुळं, पडलेला मोह खाऊन जगते. कोणाला कोणतं परवडते ते ज्यानं त्यानं ठरवावं. पण ज्या जंताची भीती घालून हे गळ्यात मारतात, तो जंत जात पाहत नाही. पांढरं डुक्कर मोकळं सोडलं तर त्यालाही होते. काळं डुक्कर कुंपणात ठेवून चांगलं खाऊ घातलं तर त्याला होत नाही.

आता त्या जंताची वाट. जरा स्पष्टच लिहिते, लाजून चालणार नाही. त्याचं नाव पट्टकृमी. फितीसारखा चपटा, दोन-तीन मीटर किंवा त्याहूनही लांब. मोठा झालेला जंत डुकरात राहत नाही, माणसाच्या आतड्यात राहते. वर्षानुवर्षं राहते आणि बहुतेकांना पत्ता लागत नाही. संडासातून कधी कधी भोपळ्याच्या बीसारखे पांढरे तुकडे पडतात, तीच काय ती खूण. त्या तुकड्यांत हजारो अंडी असतात. माणूस उघड्यावर बसला, डुकरानं ती घाण खाल्ली, की अंडी डुकराच्या पोटात फुटतात आणि बारीक किडे रक्तातून मांसात जाऊन बसतात. मांस कापताना साबुदाण्यासारखे पाण्यानं भरलेले पांढरे दाणे दिसतात ते हेच. जिवंत डुकराच्या जिभेखाली बोट फिरवलं तर कधी कधी हाताला लागतात. तसं मांस अर्धकच्चं खाल्लं की दाण्यातला किडा आपल्या आतड्यात जंत होऊन वाढते. म्हणजे डुकराला रोग माणसानं दिला आणि डुकरानं तो परत केला.

मिरगीची वाट मात्र वेगळी आहे, आणि इथंच सगळे चुकतात. डुकराचं मांस खाल्ल्यानं पोटात जंत होते, मिरगी होत नाही. जंताची अंडी तोंडात गेली तर मिरगी होऊ शकते. ज्याच्या पोटात जंत आहे त्याच्या न धुतलेल्या हातावरून, नाल्याच्या पाण्यातून, भाजीला लागलेल्या मातीतून ती जातात. मग डुकराच्या मांसात जे झालं तेच माणसाच्या अंगात होते. दाणा मेंदूत बसला की झटके येतात. म्हणून ज्यानं जन्मात डुक्कर खाल्लं नाही त्यालाही ही मिरगी होते. डुक्कर खाणारे आदिवासी घाणेरडे आणि म्हणून रोगी, असं म्हणणाऱ्या शहरातल्या लोकांनी हे नीट वाचावं.

तमिळनाडूत वेल्लोरला ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचा मोठा दवाखाना आहे. मिरगीच्या पुष्कळ पेशंटच्या मेंदूच्या फोटोत एक लहान गाठ दिसायची. देशभरातले डॉक्टर ती टी.बी.ची समजून टी.बी.ची औषधं देत. वेल्लोरच्या डॉक्टरांनी काही गाठी काढून तपासल्या, तर पुष्कळांत हा डुकराचा किडा निघाला. एवढ्या शिकलेल्या डॉक्टरांचा अंदाज चुकते, तर आपल्या पुजाऱ्याचा काहून चुकणार नाही? फरक इतकाच की डॉक्टरांनी गाठ काढून पाहिली. आपण बाईला गावातून काढतो.

आपल्या भागातल्या एका गावात मागच्या पावसाळ्यात असंच झालं. दोन घरांतल्या पोरांना झटके येऊ लागले आणि एका विधवा बाईचं नाव निघालं. ती माहेरी निघून गेली. पोरांचे झटके काही थांबले नाहीत. तिच्या वाट्याची धानाची बांधी मात्र आता दुसरेच लोक कसतात. जमिनीसाठी लढणाऱ्या संघटनेनं हे डोळे उघडून पाहिलं पाहिजे. फॉरेस्टवाले आपल्याला अतिक्रमणदार म्हणून वावरातून काढतात तेव्हा आपण मोर्चा नेतो. गाव एका बाईला जादूटोणा करणारी म्हणून वावरातून काढते तेव्हा आपण गप्प बसतो. जमीन दोन्हीकडं जातेच.

हे फक्त आपलंच दुःख नाही. न्यू गिनी नावाचं मोठं बेट आहे, त्याचा पश्चिमेचा भाग इंडोनेशिया सरकारकडं आहे. तिथल्या डोंगरात पनियाई तळ्यांच्या काठी एकारी आदिवासी राहतात. डुक्कर हेच त्यांचं धन, लग्नातही ते द्यावं लागते. 1969 साली त्यांचा मुलूख इंडोनेशियाचा ठरला. सरकारनं निवडलेल्या हजारेक माणसांना उभं करून मत घेतलं, बाकी कोणाला विचारलं नाही. त्याच सुमारास सरकारनं तिथं बाली बेटावरची डुकरं भेट म्हणून पाठवली. बालीत हा जंत जुना. पनियाईत तो कोणाला माहीत नव्हता. दोन-चार वर्षांत तिथल्या दवाखान्यात भाजलेली माणसं येऊ लागली. डोंगरात थंडी फार, लोक घरातल्या आगीजवळ झोपतात. झोपेत झटका यायचा आणि माणूस आगीत पडायचा. डॉक्टरांनी शोध घेतला तेव्हा लोकांच्या अंगात याच जंताचे दाणे निघाले. बालीची डुकरं जातीनं वाईट नव्हती. भेट देणाऱ्यानं तपासलं नाही आणि घेणाऱ्याला विचारलं नाही, तिथं घात झाला.

आता फॉरेस्टवाल्यांचं. रानडुक्कर आणि घरचं डुक्कर एकाच जातीचं, म्हणून एकाचा रोग दुसऱ्याला लागते हे मान्य. पण वाट दोन्हीकडून चालते. फुप्फुसात होणारा एक जंत गांडुळातून पसरते. ज्या मातीत रानडुकरानं नांगरलं त्याच मातीत आपलं डुक्कर गांडुळं खाते. मग दोष एकट्या गावाचा कसा? आणि रानडुकराची एवढी काळजी आहे तर त्यानं केलेल्या नुकसानाचं काय? 1972 चा वन्यजीव कायदा आहे, 1991 ला तो आणखी कडक झाला. शिकार केलेलं रानडुक्कर सरकारची मालमत्ता. आपण रात्र रात्र माळ्यावर जागल करतो. तरी एका रात्रीत बांधी उलथली आणि भरपाई मागायला गेलो, तर सातबारा दाखवा म्हणतात. सातबारा देत नाहीत तेही सरकारच. धान खाते तेव्हा रानडुक्कर कोणाचंच नाही, मेलं की सरकारचं!

मग करायचं काय? थोडं आपल्या हातात आहे. डुकरं कुंपणात ठेवणं, निदान लोक बसायला जातात तिकडं त्यांना जाऊ न देणं. नाल्यापासून दूर खड्ड्याचे संडास करणं. जेवणाआधी आणि लेकराला भरवण्याआधी हात धुणं. मांसाचे लहान तुकडे करून, आत लाल राहणार नाही इतकं शिजवणं. मोठा तुकडा जाळावर भाजला तर आत कच्चा राहते, आणि धुरावर सुकवल्यानं किडा मरेलच असं नाही. संडासात पांढरे तुकडे दिसले तर दवाखान्यात जाऊन जंताचं औषध घेणं. पण ज्याला झटके येतात त्यानं जंताची गोळी आपल्या मनानं घेऊ नये. मेंदूतला किडा मरताना सूज येते आणि झटके वाढू शकतात. डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. सगळीच मिरगी या जंताची नसते, पण कारण काही असलं तरी फेनोबार्बिटोनसारखी स्वस्त गोळी रोज घेतली तर पुष्कळांचे झटके थांबतात. बरं वाटलं म्हणून एकदम बंद करू नये.

बाकीचं सरकारकडून घ्यावं लागेल, आणि ते मागणं आपला हक्क आहे :

1. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात मिरगीची आणि जंताची औषधं बाराही महिने ठेवा. पावसाळ्यात रस्ते बंद होण्याआधी साठा पोचवा.

2. गावागावात विहीर किंवा बोअर आणि संडासाचं सामान द्या. नुसती भिंतीवर पाटी नको.

3. डुकरांची कोणतीही योजना आणण्याआधी ग्रामसभेची मंजुरी घ्या. 1996 च्या डिसेंबरात संसदेनं अनुसूचित क्षेत्रासाठी कायदा केला, त्यात विकासाच्या योजनांना ग्रामसभेची मंजुरी लागते असं लिहिलं आहे. जनावरं तपासून आणा.

4. रानडुकरानं खाल्लेल्या पिकाची भरपाई सातबारा न मागता, पंचनामा करून द्या.

येत्या ग्रामसभेत या चार मागण्यांचा ठराव घ्या. आणि पाचवा ठराव आपला आपल्यासाठी : आमच्या गावात कोणाला झटका आला तर आधी दवाखाना, आणि कोणत्याही बाईचं नाव घेतलं जाणार नाही. मावा नाटे मावा राज म्हणतो ना आपण? मग त्या राजात त्या विधवा बाईचीही बांधी तिच्याच नावानं राहिली पाहिजे.

जोहार.