एक तास बिनगुणांचा

निकाल लागला की आपण पालक मुलांना विचारतो, "गणितात किती पडले?" आम्हाला वाटते, "गणितात काय सापडले?" असेही कधी विचारावे.

नाशिकजवळच्या देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) जन्मभर आकड्यांशी खेळले. पदव्युत्तर पदवी नसतानाही जगभरच्या गणितात त्यांचे नाव राहिले. १४२८५७ ही एक 'कापरेकर संख्या'. तिचा वर्ग २०४०८१२२४४९. त्याचे २०४०८ आणि १२२४४९ असे दोन भाग करून मिळवा, पुन्हा १४२८५७! दुप्पट केली तर २८५७१४, तेच अंक त्याच क्रमाने फिरलेले. सातपट मुलांनी वहीत करून पाहावी.

अशी गोडी परीक्षेच्या धाकाने लागत नाही. म्हणून विश्वस्तांना आमची विनंती आहे, वडगावच्या आपल्या शाळेत शनिवारचा एक तास बिनगुणांच्या गणिताला द्यावा.