कोट उसना, मूल आपले

दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरच्या ट्रंकेतून एखादा जुना फोटो निघतो. कमानी रंगवलेल्या पडद्यापुढे पाच वर्षांचा मुलगा ताठ उभा. अंगात शेरवानी, डोक्यावर टोपी. शेजारी परकर-पोलक्यातली बहीण. नातवंडे हसतात, "आजोबा एवढे घाबरलेले का?"

खरे तर ते घाबरलेले नसतात. पूर्वी काचेच्या प्लेटवर प्रकाश उमटायला वेळ लागे. मूल हलले की चेहरा पुसट. म्हणून 'श्वास रोखून धर' अशी ताकीद असे. पोशाखाचे म्हणाल तर १९४८ पर्यंत आपला जालना निजामाच्या राज्यात होता. राजा दीनदयाळ हैदराबाद दरबाराचे छायाचित्रकार होते, त्या काळापासून फोटो म्हणजे दरबारी थाट, ही समजूत रुजली. ऐपत नसलेल्यांसाठी स्टुडिओच्या खुंटीवर कोट असे. तो मोठा झाला, तर पाठीमागे टाचण्या लावत.

या उसन्या कोटाला हसू नये. आईबापांना आयुष्यात एकदाच मिळणाऱ्या फोटोत आपले पोर कुणापेक्षा कमी दिसू द्यायचे नव्हते. काही घरांत तर अकाली गेलेल्या मुलाची तेवढीच खूण उरली आहे.

आज मोबाईलमध्ये हजार फोटो असतात, पण ट्रंकेतल्या त्या मुलांची नावे फक्त आजीला ठाऊक असतात. या दिवाळीत तिच्याजवळ बसा. ती सांगेल ती नावे फोटोच्या पाठीवर शिसपेन्सिलीने हलक्या हाताने लिहा. पुढच्या दिवाळीची वाट पाहू नका.